पदवीधर आणि इंग्रजीचा शिक्षक

इंग्रजी येणें आणि इंग्रजी शिकवितां येणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें सांगावयास कोणा पंडिताची गरज नाहीं. परंतु आपल्याकडे तें मान्य व्हावयास अर्धें शतक लागलें. १८५७ सालीं मुंबई, मद्रास व कलकत्ता येथें विद्यापीठें स्थापन झालीं. त्यांतून बाहेर पडलेला बी. ए. थेट हायस्कुलांतील वर्गावर उभा राही. शेक्सपिअर व मिल्टन यांच्याशीं परिचय झालेल्या या गृहस्थास, मुलाकडून पहिलें इंग्रजी वाक्य कसें वदवून घ्यावें, हें मात्र कोणीं सांगितलेलें नसे.

शिक्षकांस अध्यापनकलेचें शिक्षण द्यावें, असें १८५४ च्या वुडच्या खलित्यांत म्हटलें होतें. तरी १८८२ सालीं हंटर कमिशन बसलें, तेव्हां दुय्यम शाळांच्या शिक्षकांसाठीं सबंध हिंदुस्थानांत मद्रास व लाहोर येथें दोनच संस्था होत्या. पदवीधरांचा अभ्यासक्रम इतरांपेक्षां आखूड असावा, अशी कमिशनची सूचना होती. ज्ञान पुरेसें आहे, थोडी युक्ति तेवढी शिकवावी, हा तिचा मथितार्थ. १८८० सालीं चिपळूणकर व टिळक यांनीं पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढलें, तेंही असल्या शिक्षणावांचूनच. विद्वत्ता आणि ध्येयनिष्ठा यांनीं तेथें उणीव भरून काढली. पण तसलीं माणसें प्रत्येक तालुक्याच्या गांवीं कोठून आणावयाचीं? अखेर कर्झनच्या सरकारनें १९०४ च्या ठरावांत पदवीधरांसाठीं एक वर्षाचा अभ्यासक्रम व सरावाची शाळा यांचा पुरस्कार केला, आणि १९०६ सालीं मुंबईंत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघालें.

आतां प्रश्न पद्धतीचा आला. तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर पोसलेल्या पिढ्यांस इंग्रजी वाचतां येई, लिहितां येई. पण बोलतांना जीभ अडखळे. यावर तोडगा म्हणून प्रत्यक्ष पद्धति पुढें आली: मातृभाषा बाजूस ठेवून वस्तु व कृति यांच्या योगें इंग्रजींतूनच इंग्रजी शिकवावें. ज्यांच्या व्याकरणाच्या पुस्तकाची घोकंपट्टी पुढें घरोघर झाली, त्या पी. सी. रेन यांनींच या पद्धतीवर पुस्तक लिहिलें होतें, ही मौजेची गोष्ट होय.

वर्गास वाचा फुटली, हा या पद्धतीचा उपकार खरा. परंतु मूल शाळेंत येतांना मराठी दाराबाहेर ठेवून येत नाहीं. मराठींत 'ए' आणि 'दि' यांस जोड नाहीं. आपण 'टेबलावर' म्हणतांना संबंध शब्दाच्या पाठीमागें जोडतों. इंग्रज तो पुढें ठेवतो. 'मीं पोथी वाचली' यांत क्रियापद पोथीच्या लिंगावर चालतें. इंग्रजींत तें कर्त्यास सोडीत नाहीं. 'आय लिव्ह हिअर सिन्स टू इयर्स' असें लिहिणारा मुलगा आळशी नसतो. तो 'दोन वर्षांपासून राहतों' याचें इमानेंइतबारें इंग्रजी करीत असतो. चूक दिसणें सोपें. तिचें मूळ ज्यास दिसेल तोच शिक्षक. मुंबईच्या त्याच कॉलेजाचे प्राचार्य जे. नेल्सन फ्रेझर यांनीं के. बी. मराठे यांच्यासह तुकोबांचे अभंग इंग्रजींत आणले, हें मला म्हणूनच अर्थपूर्ण वाटतें. शिक्षक घडविणाऱ्यानें शिष्यांच्या भाषेचें ऋण मानलें होतें.

पुढें अभ्यासक्रम वाढत गेला. २०१५ पासून बी. एड. दोन वर्षांचें झालें. २००० सालापासून महाराष्ट्रांत इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून सुरू झालें. तरीही इंग्रजींत नापास झाला म्हणून शिक्षणास मुकणारा खेड्यांतील मुलगा आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्या अपयशाची मीमांसा करतांना आपण त्याची परिस्थिति पाहतों, त्याची बुद्धि पाहतों. त्याच्या शिक्षकास आपण काय देऊन पाठविलें, हें पाहत नाहीं. इंग्रजी वाङ्मयाच्या पदवीधरास आम्ही प्राध्यापक शोकांतिकेचें तत्त्व विचारतों. मराठी आणि इंग्रजी वाक्यांची ठेवण कोठें जुळते व कोठें फुटते, हें सहसा विचारीत नाहीं. तो प्रश्न ट्रेनिंग कॉलेजावर ढकलून भागणार नाहीं. इंग्रजीच्या भावी शिक्षकानें आपल्या मराठीकडे एकदां परक्याच्या दृष्टीनें पाहावें. त्याची खरी तयारी तेथूनच सुरू होते.