रविवार कुणी दिला?

मागच्या जूनमध्ये लेकीकडे स्टॉकहोमला महिनाभर राहून आलो. तिथलं काय आवडलं, असं जो तो विचारतो. मी "रविवार" म्हणून सांगतो आणि लोक हसतात. अहो, रविवार काय नेरूळला येत नाही का!

येतो की. पण आमचा रविवार म्हणजे मेगाब्लॉक, राहिलेली इस्त्री आणि दुपारी जेवून दोन तास आडवं होणं. तिथे रविवारी कुणी काही उरकत नव्हतं. सकाळी दहापर्यंत रस्ते रिकामे. मग आख्खी कुटुंबं पाण्याकाठी निघाली, बाबागाड्या ढकलत, अगदी सावकाश. कॉफी आणि दालचिनीचा पाव घेऊन तासभर नुसतं बसायचं. याला ते 'फीका' म्हणतात. (कॉफी मात्र अजिबात फिकी नसते, काळी कडू जहर!) मला पहिल्या रविवारी चुकल्याचुकल्यासारखं झालं. दुसऱ्या रविवारी मीही बसलो.

तिथे वारांची गंमत आहे. त्यांचा 'सोन्दाग' म्हणजे सूर्याचा वार, म्हणजे आपला रविवारच. आणि शनिवारच्या नावाचा मूळ अर्थ आंघोळीचा वार! हे ऐकून मला अण्णाच आठवले. आमच्याकडे आंघोळीचा वार रविवार होता. पण ते पुढे येईलच.

तर त्या दुसऱ्या रविवारी लेक आणि जावई आम्हाला येर्देट नावाच्या एका मोठ्या माळावर घेऊन गेले. पूर्वी तिथे सैन्याची कवायत चालायची. आता गवत, पतंग आणि कुत्री. जावई म्हणाला, बाबा, स्वीडनमधला पहिला कामगार दिन इथेच झाला. १ मे १८९०. आठ तासांचा दिवस मागायला हजारो माणसं जमली होती आणि भाषण करणाऱ्यांत यालमार ब्रांटिंग होते, जे पुढे पंतप्रधान झाले.

तारीख ऐकून मी चमकलोच. कारण त्याच्या बरोबर एक आठवडा आधी, २४ एप्रिल १८९० ला, आपल्या महालक्ष्मीला दहाएक हजार गिरणी कामगार जमले होते. त्यांची मागणी आठ तासांची नव्हतीच. एवढं मागायचं त्यांच्या स्वप्नातही नसेल. ते मागत होते आठवड्यातला एक दिवस.

मी गिरणी कामगाराचा मुलगा, म्हणून ही तारीख मला पाठ. घरातल्या धाकट्यांना मात्र ती ठाऊक नाही असं लेकीच्या चेहऱ्यावरून दिसलं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

मुंबईत पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी काढली. कंपनी १८५४ ची. पुढच्या तीस वर्षांत परळ, चिंचपोकळी, ताडदेव सगळीकडे धुराडी उभी राहिली. विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे उजाडल्यापासून अंधारेपर्यंत काम. म्हणजे उन्हाळ्यात तेरा-चौदा तास! सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत, पण गिरणीत रविवार म्हणजे बरेचदा यंत्रं साफ करायचा दिवस. सकाळी जायचं, साचे पुसायचे आणि दुपारी काळ्या हातांनी घरी यायचं. १८८१ चा कारखाना कायदा आला तो मुलांपुरता. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास आणि महिन्यातून चार सुट्ट्या. (सात वर्षांच्या! आणि ही सुधारणा!) मोठ्यांना त्यात काही नव्हतं.

इथे नारायण मेघाजी लोखंडे येतात. जन्म १८४८. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. स्वतः काही काळ मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर होते, म्हणजे आतलं सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. नोकरी सोडून ते 'दीनबंधु' पत्र चालवू लागले. १८८४ मध्ये सरकारने फॅक्टरी कमिशन नेमलं, तेव्हा लोखंड्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार लोकांच्या सह्यांचा अर्ज केला. त्यांच्या बॉम्बे मिलहँड्स असोसिएशनची सुरुवात ती. आजच्या अर्थाने ती युनियन नव्हती. वर्गणी नाही, नियमावली नाही. पण अर्ज वाचण्यासारखा आहे. रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत आधार. बस, इतकंच. सूर्यास्तानंतर घरी जाऊ द्या, हीसुद्धा मागणी होती हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

सहा वर्षं काही झालं नाही. मग महालक्ष्मीची ती सभा झाली. तिथे दोन बायका बोलायला उभ्या राहिल्या, अशी नोंद आहे. त्यांची नावं मात्र माझ्या वाचनात कुठे आली नाहीत. सभेचा अर्ज गिरणी मालकांच्या संघाकडे गेला आणि १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कायद्याने ती पक्की झाली.

रविवारच का? खंडोबाचा वार म्हणून, असं सर्रास सांगतात. असेलही. जेजुरीला जाणारा माणूस गिरणीत कमी नव्हता. पण साहेब रविवारी बसतो, मग आम्ही का नाही, हा साधा हिशेबही त्यात असणार असं आपलं मला वाटतं. लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारीत प्लेगने गेले. २००५ मध्ये त्यांच्यावर टपालाचं तिकीट निघालं.

आता अण्णा.

अण्णा परळच्या गिरणीत साचेवाले. आम्ही लालबागला चाळीत. आठवड्यातले सहा दिवस त्यांचं आमचं बोलणं बेताचंच, कारण ते एक तर पाळीवर असायचे नाही तर झोपलेले. रविवारी भोंगा वाजत नसे आणि मी त्या शांततेनेच जागा व्हायचो. मग आई बंबात पाणी तापवायची. अण्णा डोक्याला तेल चोपडून आमच्या पाठी चोळायचे, कानातला कापूस वेचायचे (स्वतःच्या, आमच्या नव्हे!). नंतर पिशवी घेऊन मटणाच्या रांगेत. दुपारी गावाला पत्र. ते सांगायचे आणि मी लिहायचो. संध्याकाळी भजन. आम्हाला वडील आहेत हे आम्हाला रविवारी कळायचं.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख माणसं बाहेर पडली आणि बहुतेकांसाठी तो संपलाच नाही. दोन वर्षं गावी आणि इकडेतिकडे काढून अण्णांना वाशीत एका सोसायटीत वॉचमनची नोकरी मिळाली. आम्ही नवी मुंबईत आलो ते असे. तेव्हा रेल्वे नव्हती, ती १९९२ ला आली. खाडीपुलावरून बसने यायचं, आणि संध्याकाळी बेडकांचे आवाज. ड्युटी बारा तासांची आणि सुट्टी नाही. एकही नाही. म्हणजे लोखंड्यांच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीच्या हिशेबात माणूस परत! तरी अण्णा रविवारी पहाटे चार वाजता उठून डोक्याला तेल लावून आंघोळ करायचे आणि मग खाकी शर्ट चढवून जायचे. मटण आणायला मी जायचो. त्यांचं ताट झाकून ठेवलेलं असायचं.

हे मी येर्देटच्या गवतावर बसून लेकीला सांगितलं. तिने हे पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. तिने उलट मला एक गोष्ट सांगितली. कॉफीच्या दुकानातली ती मुलगी रविवारी राबत होतीच ना? पण तिला आठवड्यात सलग छत्तीस तास विश्रांती कायद्याने मिळते. कायदा कधीचा, विचारलं. १९८२ चा.

मी काही बोललो नाही.

येत्या रविवारी सकाळी दहाला आमच्या सोसायटीची मीटिंग आहे. पाचवा विषय, वॉचमनना आठवड्याची सुट्टी देऊन बदली माणूस ठेवणे. तीन वर्षांपूर्वी हाच विषय आला होता. मेंटेनन्स किती वाढेल याचं गणित तेव्हा मीच मांडलं होतं, दोन दशांश स्थळांपर्यंत. विषय तिथेच बारगळला, आणि चहा पिताना दोघांतिघांनी माझं कौतुकही केलं. अण्णा जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

या वेळी मी दुसरा कागद करून ठेवलाय. लोक म्हणतील, साठी उलटली आणि काका परदेशात जाऊन बिघडून आले. म्हणोत. खुर्च्या मांडायला नेहमीप्रमाणे वॉचमनच असेल, रविवार असला तरी. या वेळी जरा लवकर खाली जाईन म्हणतो.