तेनर्‍यू नदीतले झाझामुशी

तेनर्‍यू नदीच्या दगडांखालचे किडे खाण्याची रीत जपानच्या नागानो प्रांतातल्या इना खोऱ्यात जुनी आहे. या किड्यांना तिथे झाझामुशी म्हणतात. नागानोला समुद्रकिनारा नाही, त्यामुळे डोंगरी गावांत नाकतोडे, गांधीलमाशीच्या अळ्या, रेशीम काढून झाल्यावर उरलेले कोषातले किडे आणि नदीतल्या अळ्या असे सगळेच पानात वाढले गेले.

झाझामुशी ही एक जात नव्हे. पूर्वी त्यात स्टोनफ्लाय या कीटकाच्या पिल्लांचा भरणा असे आणि त्यांना थंड, नितळ पाणी लागते. नदी उगम पावते ती सुवा सरोवरात. विसाव्या शतकात त्यात सांडपाणी मिसळून शेवाळ माजले, नदीचा नूर पालटला, आणि आता गोळा होतात त्या मुख्यतः कॅडिसफ्लाय या कीटकगटातल्या स्टेनोप्सायकी मार्मोराटा या जातीच्या अळ्या. खाणाऱ्यांनी नाव मात्र तेच ठेवले.

कॅडिसफ्लायच्या अनेक जातींच्या अळ्या वाळूकाड्यांचे घर अंगावर वागवतात. ही मात्र दगडांच्या फटीत रेशमी जाळे विणते आणि प्रवाहातून येणारे शेवाळ व सूक्ष्म कण त्यात अडकवून खाते. सरोवरातून उतरणारे पाणी तिला मानवते ते म्हणूनच. रेशीमकिड्यांशी तिचे नाते दूरचे नाही, कारण पतंगवर्गाचे सर्वांत जवळचे आप्त कॅडिसफ्लायच. सुवाकाठचे ओकाया तर जपानच्या रेशीमउद्योगाचे मोठे केंद्र होते. जलविद्युत केंद्रांच्या बोगद्यांत मात्र या अळ्यांची जाळी पाण्याचा वेग कमी करतात.

वाढीच्या पाच अवस्था संपल्या की अळी खड्यांच्या आडोशाला कोष करते. पक्व कोषकीटक पोहत वर येतो आणि त्यातून पतंगासारखा प्रौढ बाहेर पडतो. त्याचे आयुष्य थोडक्याच दिवसांचे असते. माद्या प्रवाहाच्या वरच्या अंगाला उडत जातात आणि पाण्यात शिरून दगडांवर अंडी चिकटवतात. मध्य जपानात वर्षाला साधारण दोन पिढ्या होतात. त्यांतली दुसरी हिवाळा अळीरूपात काढते, आणि नेमकी तीच माणसाच्या हाती लागते.

हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. परवाना घेतलेला माणूस गारठलेल्या पाण्यात उतरतो, कुदळीने दगड उलटतो, बुटांना बांधलेल्या लोखंडी दात्यांनी ते तुडवतो, आणि सुटलेले किडे खालच्या बाजूला धरलेल्या जाळीत वाहून येतात. मग निवडून, धुऊन ते सोया सॉस व साखरेत आटवतात आणि डबाबंद करून विकतात. असे परवानाधारक आता मोजकेच उरले आहेत.