सुनेला स्वप्नात अनुग्रह झाला तर

माऊली, संतांच्या मंदिराचा पाया आणि कळस सांगणारा अभंग आपण भजनात कितीदा म्हटला असेल! तो बहिणाबाईंच्या नावावर आहे. पण तुमच्याच घरची सून एका सकाळी म्हणाली, ‘रात्री स्वप्नात संतांनी मला मंत्र दिला,’ तर? खरे सांगा. आधी डॉक्टर, मग देवऋषी, मग तिच्या माहेरी फोन.

बहिणाबाईंच्या वाट्याला तरी वेगळे काय आले? वेरूळजवळच्या देवगावी १६२८ साली त्यांचा जन्म. पोरवयातच तिशीच्या बिजवराशी लग्न झाले. घरदार सोडून कुटुंब फिरत फिरत कोल्हापूरला पोहोचले. तिथे जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग कानी पडले. लळा लागलेले वासरू गेले, आणि त्या दुःखातच स्वप्नात तुकोबांचा अनुग्रह झाला. साक्षीदार कोणी नाही.

लोक दर्शनाला येऊ लागले, तसे पती खवळले. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू करावे, हा राग होताच. पण दुसरे एक दुखणे बहिणाबाईंनी आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगून ठेवले आहे: लोक हिला नमस्कार करणार, मग मला कोण विचारणार? मला हेच खरे मूळ वाटते. वाद शास्त्राचा म्हणून मांडतात, आत हिशेब पाया पडण्याचा असतो. त्यांनी तिला मारले, टाकून जायला निघाले. मग आजाराने अंथरूण धरले आणि त्या दुखण्यात मन पालटले. पुढे दोघे देहूला गेली. तिथे मंबाजींनी छळले, पण आता नवरा तिच्या बाजूला होता.

स्वप्न सांगणाऱ्या प्रत्येकीला डोक्यावर घ्यावे, असे माझे म्हणणे नाही. भोंदूपणाला बाईपुरुष नसतो. पण बुवाची जी परीक्षा घेतो, तीच बाईची घ्यावी, वेगळी नको.

आज बायका कीर्तन करतात, पोरी पखवाज वाजवतात. तुळस डोक्यावर घेऊन चालणाऱ्या माऊलीच्या आपण वाटेतच पाया पडतो. आमच्या गावच्या सप्ताहात मात्र काल्याच्या कीर्तनासाठी अजून एकाही बाईचे नाव निघालेले नाही. त्या बैठकीला मीही असतो. मीही काढले नाही. कोणी अडवील म्हणून नव्हे, सुचलेच नाही.