अकाली ठोके आणि हृदयातील विद्युत्-वहन

हृदयाच्या चालू लयीत ठरल्या वेळेआधी पडणारा ठोका म्हणजे अकाली ठोका. एरवी विद्युत्-आवेग उजव्या अलिंदातील सायनस गाठीत उठतो, एव्ही गाठीत क्षणभर थबकतो आणि हिस गठ्ठा, त्याच्या शाखा व पर्किंजे तंतूंतून निलयांत पोचतो. प्रत्येक आवेगानंतर ही वाट काही काळ नव्या आवेगाला दाद देत नाही. अकाली आवेग बऱ्याचदा या विश्रांतिकाळात येतो.

अलिंदातून निघालेला आवेग थोडाच लवकर असेल, तर एव्ही गाठीत रेंगाळून खाली उतरतो. त्याहून लवकर आला तर उजवी शाखा सहसा सावरलेली नसते. हृदयाच्या विद्युत्-आलेखात (ईसीजी) क्यूआरएस रुंद होतो आणि ठोका निलयातलाच भासतो. फारच लवकर आलेला आवेग एव्ही गाठीतच अडतो व नाडीत खंड पडतो. हा खंड हार्ट ब्लॉक समजला गेला, तर निष्कारण पेसमेकरचा विचार सुरू होतो. म्हणून खंडाआधीची टी लहर शेजारच्या टी लहरींशी ताडून पाहावीच. तिच्यात वेळेआधीची पी लहर दडलेली असू शकते.

निलयातला अकाली आवेग बहुतांशी स्नायूंतूनच संथ पसरतो, त्यामुळे क्यूआरएस बहुधा ०.१२ सेकंदांहून रुंद असतो. तो उलटा चढून एव्ही गाठीतही शिरतो. ही चढण आलेखावर उमटत नाही, पण पुढचा सायनस आवेग अडतो किंवा पीआर अंतर लांबते. रिचर्ड लांगेनडॉर्फ यांनी १९४८ मध्ये अशा सुप्त वहनाचे विवेचन केले. खंडात निलय जास्त भरतात. रुग्णाला जाणवतो तो बहुधा त्यानंतरचा जोरकस ठोका.

निरोगी हृदयात असे ठोके बहुधा निरुपद्रवी असतात. ते औषधांनी दाबणे हाच इलाज नव्हे: हृदयविकाराच्या झटक्यानंतर फ्लेकेनाइड व एन्केनाइड दिलेल्या रुग्णांत मृत्यू वाढल्याचे अमेरिकेतील ‘कास्ट’ चाचणीत १९८९ मध्ये दिसले. विंचूदंशात मात्र हेच ठोके धोक्याची खूण ठरू शकतात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाचा हृदयावरील परिणाम अभ्यासून प्राझोसिनचा उपचार रूढ केला, आणि शेतीवर जगणाऱ्या वर्धा जिल्ह्यालाही तो मोलाचा आहे.

सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय (तेथील वैद्यकीय महाविद्यालय १९६९ चे) व सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही जिल्ह्यातील मोठी उपचारकेंद्रे वर्धा शहराजवळ आहेत. जिल्ह्यातल्याच दूरच्या आष्टी-कारंजाहून आलेल्या माणसाला पुन्हा हेलपाटा परवडत नाही. दहा-बारा सेकंदांच्या आलेखात अकाली ठोका निसटू शकतो, म्हणून पहिल्याच भेटीत दुसऱ्या लीडची लांब पट्टी काढावी. घेरी, बेशुद्धी किंवा दुबळे हृदय असल्यास २४ तासांची होल्टर नोंद आणि इकोही करावा.