हाडं दुखणारं पोर आणि गव्हाचा इतिहास



पुणतांब्यात बोलायला उभं राहिलं की चांगदेवांना ओलांडून पुढं जाता येत नाही. ज्ञानेश्वरांना पत्र तर लिहायचं, पण वयानं लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानानं थोर म्हणून नमस्कार, हे ठरेना. मग चांगदेवांनी कोराच कागद धाडला आणि त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचं उत्तर आलं. ही गोष्ट तुमच्या घरोघरी माहीत आहे. आज मला अशाच एका कोऱ्या कागदाबद्दल बोलायचं आहे.

माझ्या नात्यात एक मुलगी आहे. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. रात्री पाय दुखतात, गुडघे दुखतात, म्हणून रडत उठायची. आई तेल चोळायची, गरम विटेनं शेकायची. कोणी म्हणालं, वाढीचं वय आहे, दुखायचंच. शाळेत म्हणाले, खेळाच्या तासाला बरोबर दुखतं हिचं. एक्स-रे चांगला आला, संधिवाताच्या तपासण्याही चांगल्या आल्या. म्हणजे कागद कोरा. आणि कागद कोरा म्हटल्यावर घरातलेच लोक म्हणू लागले, पोर नाटक करते. दीड वर्ष हे चाललं. दुखण्याइतकाच त्रास तिला या न विश्वासण्याचा झाला, असं ती आता मोठी झाल्यावर सांगते.

शेवटी एका डॉक्टरांनी दोन गोष्टी एकत्र पाहिल्या. लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नव्हतं आणि दोन वर्षांत उंची फारशी वाढली नव्हती. त्यांनी रक्ताची एक वेगळी तपासणी केली, मग दुर्बिणीतून आतड्याचा बारीक तुकडा काढून पाहिला. निदान झालं सीलिॲक. पोरीला ना जुलाब होते, ना पोटदुखी. दुखत होती हाडं, आणि कारण होतं ताटातली पोळी.

हे कसं, ते आधी सांगतो. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळल्यावर जो चिवटपणा येतो, तो त्याचा. काही माणसांत, जन्मजात ठेवणीमुळे, शरीराचं संरक्षक दल या ग्लुटेनवर बिथरतं आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर चालून जातं. आतड्याच्या आतल्या अंगाला मखमलीसारखे बारीक तंतू असतात, अन्नरस शोषणारे. ते झिजून सपाट होतात. मग कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व नीट शोषलं जात नाही. रक्ताला तर कॅल्शियम लागतंच, ते मग हाडांतून काढलं जातं. घरात पैसा येईना म्हणून दागिने मोडावेत, तसं. हाडं मऊ होतात, ठणकतात. काहींचे सांधे त्या बिथरलेल्या संरक्षणामुळेही दुखतात.

आता इतिहास. कॅपाडोशियाचा अरेटिअस हा ग्रीक वैद्य इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. न पचणाऱ्या अन्नाचा आणि खंगत जाणाऱ्या रोग्याचा हा विकार त्यानं वर्णन केला. पोटाला ग्रीकमध्ये जो शब्द आहे, त्यावरून नाव पडलं. पुढं १८८७ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट इथल्या मुलांच्या रुग्णालयात सॅम्युअल गी यांनी या विकारावर व्याख्यान दिलं. ते म्हणाले, रोगी बरा व्हायचाच असेल तर आहारानं होईल. दिशा अगदी बरोबर! पण त्यांनी चालेल म्हणून सांगितलेल्या पदार्थांत पातळ भाजलेला पावही होता.

१९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचवला. मुलं सुधारली, केळ्यांचा बोलबाला झाला. इथं मला आपलं न्यायशास्त्र आठवतं. कुंभाराचं गाढव माती वाहून आणतं. पण म्हणून गाढव हे घड्याचं कारण होत नाही. नैयायिक त्याला अन्यथासिद्ध म्हणतात, बरोबर असतं पण कारण नसतं. केळं हे कुंभाराचं गाढव होतं. त्या आहारात पाव नव्हता, ही खरी गोष्ट. तिकडं कोणाचं लक्ष गेलं नाही.

लक्ष गेलं ते हॉलंडमधल्या विलेम कारेल डिके यांचं. हेग शहरातल्या मुलांच्या रुग्णालयाचे ते प्रमुख. असं सांगतात, की एका आईनं त्यांना म्हटलं, पाव बंद केला की माझ्या मुलाला बरं वाटतं. त्यांनी ते बोलणं झटकून टाकलं नाही. १९४१ मध्ये त्यांनी गव्हाविना आहारावर लिहिलंही. मग १९४४-४५ चा हिवाळा आला. जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये उपासमार झाली, लोकांनी ट्युलिपचे कंद खाल्ले. निरोगी मुलं वाळत होती आणि ही आजारी मुलं मात्र सुधारत होती. विमानांनी पाव टाकले, तेव्हा ती पुन्हा आजारी पडली. गहू आहे तिथं विकार, गहू नाही तिथं विकार नाही. आपल्याकडं याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. १९५० मध्ये उट्रेख्ट विद्यापीठात त्यांनी प्रबंध दिला आणि पुढं सहकाऱ्यांसोबत दोष ग्लुटेनवर पक्का केला.

अरेटिअसपासून डिकेपर्यंत सुमारे अठराशे वर्षं गेली. का? मला वाटतं, कारण रोजच्या अन्नावर कोणी संशय घेत नाही. पाव हा त्यांचा अन्नदेवता. आपण चोरावर संशय घेतो, घरच्या माणसावर नाही.

आता आपल्याकडं या. जून २०१७ मध्ये शेतकऱ्यांचा संप ज्या गावातून उठला, त्या गावाला धान्याचा इतिहास मी काय सांगावा? तरी आठवण करून देतो. हा मुलूख भाकरीचा. बाजरी, ज्वारी रोजची; पोळी सणाची आणि पाहुण्याची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दारणा धरण आणि गोदावरीचे कालवे आले. १९५६ पासून पी.एल. ४८० च्या करारानं अमेरिकेचा गहू रेशनवर आला. साठच्या दशकाच्या अखेरीस कल्याणसोना, सोनालिका हे वाण आले. त्या गव्हानं भूक भागवली, हे कृतज्ञतेनं म्हटलं पाहिजे. पण त्याच काळात पोळी प्रतिष्ठेची झाली आणि भाकरी गरिबीची. पुढं बिस्किट, पाव, नूडल्स आले.

भारतात उत्तर, ईशान्य आणि दक्षिण अशा तीन भागांतल्या प्रौढांची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. उत्तरेत शंभरात सुमारे एकाला हा विकार, दक्षिणेत दहा हजारांत सुमारे एकाला. जन्मजात ठेवण मात्र सगळीकडं जवळपास सारखी. मोठा फरक होता तो गहू खाण्यात. म्हणून हा पंजाबचा आजार, आपला नाही, असं म्हणून चालणार नाही.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. एक, हे ऐकून उद्या घरी गहू बंद करू नका. गहू थांबवला की रक्ततपासणी फसवी येते. आधी तपासणी, मग पथ्य. शिवाय पोराची हाडं दुखण्याची कारणं पुष्कळ आहेत, काही फार गंभीर. ताप, वजन घटणं, सांध्याला सूज असेल तर थांबू नका. दोन, निदान झालं तर पथ्य जन्मभराचं आणि काटेकोर. बाजरीची भाकरी चालते; पण गिरणीत आधी गहू दळला असेल, तर त्याचं पीठ तिच्यात उतरतं. बाजारच्या हिंगात बहुतेक वेळा कणीक किंवा मैदा असतो. प्रसादाचा शिराही रव्याचाच.

आमच्या त्या मुलीच्या घरी आता गव्हाआधी दळण करून आणतात, तेही जातं-गिरणी घरातच घेऊन. काही महिन्यांत तिचं रात्रीचं रडणं थांबलं, उंची धरली. पण ती म्हणते, मला सगळ्यांत बरं कधी वाटलं माहीत आहे का आजोबा? डॉक्टर आईला म्हणाले, ही खरं सांगत होती, तेव्हा.

तत्त्वज्ञानात आम्ही शब्दप्रमाणाची चर्चा करतो, कोणाचा शब्द मानावा? ऋषींचा, ग्रंथांचा, तज्ज्ञांचा. दुखणाऱ्या पोराचा आणि रात्र जागणाऱ्या आईचा शब्द त्या यादीत कुठं बसतो, हे मी चाळीस वर्षं शिकवताना विचारलंच नाही. डिके यांनी एका आईचा शब्द मानला, म्हणून आज जगभरची पोरं बरी होतात. तपासणीचा कागद कोरा आला, याचा अर्थ अजून वाचता आलेलं नाही, एवढाच. पोर खोटं बोलतं, असा नाही.

इथंच थांबतो.