बंदिवानांची पत्रे आणि भाषेचे बंधन : ऑशवित्झ छळछावणीच्या संदर्भात

प्रस्तावना : बंदिवानांची पत्रे हे इतिहासलेखनाचे अस्सल साधन मानले जाते. मात्र ती कोणत्या भाषेत लिहिण्याची मुभा होती, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात नाझी राजवटीतील ऑशवित्झ छळछावणीच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

नियमांचे स्वरूप : १४ जून १९४० रोजी ७२८ कैद्यांची, बहुतांशी पोलिश असलेली, पहिली तुकडी टार्नूवहून ऑशवित्झला आणण्यात आली. छावणीच्या पत्रकागदावरच नियम छापलेले असत. कैद्यास महिन्याला दोन पत्रे किंवा दोन कार्डे पाठविता व स्वीकारता येत. घरून येणारे पत्र शाईने, सुवाच्य अक्षरात आणि प्रत्येक पृष्ठावर १५ ओळींच्या मर्यादेत लिहिणे आवश्यक होते. पाकिटास अस्तर नसावे आणि सोबत १२ फेनिगची पाचच टपाल तिकिटे असावीत, असाही दंडक होता. याखेरीज पत्रव्यवहार जर्मन भाषेतच करणे बंधनकारक होते. ज्यू कैदी व सोव्हिएत युद्धकैदी यांना सर्वसाधारणपणे पत्रव्यवहाराचीच परवानगी नव्हती.

परिणाम : या बंधनामुळे पत्रतपासनिसांचे काम सुलभ झाले, परंतु जर्मन न जाणणाऱ्या कैद्याला मायलेकरांमधील खाजगी मजकूरही सहबंद्याकडून लिहवून घ्यावा लागे. प्रसंगी त्यासाठी आपल्या वाट्याची भाकरी द्यावी लागे. पत्र वाचण्यासाठी व उत्तर लिहिण्यासाठी घरच्यांनाही जाणकाराचा शोध घ्यावा लागे. त्यातच ‘मी निरोगी आहे, माझे बरे चालले आहे’ या आशयाचे वाक्य पत्रात असणे सक्तीचे होते. परिणामी मजकुरापेक्षा दिनांक आणि स्वाक्षरी यांनाच अधिक अर्थ प्राप्त झाला. त्या दिवशी आपला माणूस जिवंत होता, एवढेच कुटुंबाला त्यावरून कळत असे.

निष्कर्ष : ही पत्रे कैद्याच्या प्रकृतीचा किंवा मनःस्थितीचा थेट पुरावा ठरत नाहीत. ती प्रामुख्याने छावणीच्या नियमांचा पुरावा आहेत. अभ्यासकाने मजकुराबरोबरच भाषा कोणाची, हस्ताक्षर कोणाचे आणि सक्तीचे वाक्य कोणते, हेही तपासणे आवश्यक आहे. तसेच अभिलेखागारात ज्यांची पत्रे आढळत नाहीत, त्यांच्याजवळ सांगण्यासारखे काही नव्हते, असा निष्कर्ष काढता येत नाही. त्यांना लिहिण्याचा अधिकारच नाकारला गेला होता.