तळटीप १२ : मुरूडचा ‘भुताचा वाडा’

१२. लेखकाने उल्लेखलेला वाडा जंजिरा किल्ल्यात नाही. राजपुरीसमोरचा जलदुर्ग वेगळा आणि मुरूडच्या किनाऱ्यालगत, अलिबागकडून येताना उंचावर दिसणारा सिद्दी नवाबांचा राजवाडा वेगळा. भयपट बनवणाऱ्या रामसे बंधूंनी ‘पुराना मंदिर’ (१९८४) आणि ‘पुरानी हवेली’ (१९८९) यांसाठी हाच राजवाडा वापरला. घुमट, कमानी, भोवतीची झाडी सगळे आयतेच होते; स्टुडिओत एवढा सेट उभारणे त्यांच्या बजेटमध्ये बसणारे नव्हते. घरचीच माणसे कामाला असत: ‘पुराना मंदिर’चे दिग्दर्शन तुलसी आणि श्याम यांचे, कॅमेरा गंगू रामसे यांचा. धड एकीकडे आणि शिर दुसरीकडे ठेवलेला त्यातला सैतान सामरी साकारला अजय अगरवाल या शिक्षणाने अभियंता असलेल्या उंचापुऱ्या नटाने. आपले सदाशिव अमरापूरकरही त्यात आहेत, हे मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावे. चित्रपट तुफान चालला. पुढच्याच वर्षी ‘३डी सामरी’ आला आणि १९९३ पासून ‘झी हॉरर शो’मुळे रामसेंची भुते घरोघरी पोचली. समीक्षकांनी या चित्रपटांना हिणवले, ते अन्यायाचे होते. अंधार, वारा आणि दगडी भिंती यांतून भय उभे करण्याची त्यांची हातोटी अस्सल होती.

राजवाड्याला मात्र पडद्यावरची बदनामी चिकटली. तो खाजगी मालमत्ता आहे. वाचकांनी तो रस्त्यावरूनच पाहावा.

— संपादक